बोंडांच्या पाण्याने धुतलेलं अंगण

आमचे हे रिटायर झाले आणि घरातला साबण गेला.

तसे ते गुणी आहेत. रत्नागिरी डेपोत महिपत कंडक्टर म्हटलं की अजून लोक चहा पाजतात. पण जन्मभर ज्याने ‘सुट्टे द्या, सुट्टे द्या’ करून माणसांचा जीव खाल्ला, तो घरी बसल्यावर गप्प कसा बसेल? आता समोर प्रवासी नव्हते. मी होते.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोरीतल्या फळीवरच्या बाटल्या खाली उतरवल्या. फरशीची एक, संडासाची एक, भांड्यांची एक, काचांची एक. चारी ओळीत मांडल्या आणि म्हणाले, “विमल, ह्या चारींत पाणी एकच हाय. नुसते रंग येगळे.”

“तुमाला कोणी सांगितलं?”

“मोबाईलवर बघितलं. आपल्या डब्यांत, परसात सगळं हाय गो. दुकानदाराची भर कशाला करायची?”

झालं. त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे प्रयोगशाळा. लिंबाच्या साली मी फेकायच्या नाहीत, तांदळाचं धुवण ओतायचं नाही, सारातली आमसुलं चोखून झाली तरी ताटात टाकायची नाहीत, त्यांनी तांब्याचा बंब घासायचा. खरं सांगायचं तर बंब लखलखला. मी खोटं कशाला बोलू? पितळेची समई त्यांनी परसातल्या आंबट बिंबलांनी घासली, ती पण सोन्यासारखी झाली. पण बिंबलांनी पितळ उजळतं हे मला माझ्या आईने मी परकरात असताना शिकवलं होतं. ते मलाच हे अर्धा तास समजावून सांगत होते, आणि वर “कळलं काय?” विचारत होते. माझ्या हातात समई होती, म्हणून देवाच्या वस्तूचा मान राखून मी गप्प राहिले.

मग रिठे आले. रिठ्याचं पाणी यांनी वॉशिंग मशीनमध्ये ओतलं, आणि थोडं कमी वाटलं म्हणून आणखी ओतलं. फेस मशीनचं झाकण उचलून बाहेर आला, पडवीत आला, पायऱ्या उतरून तुळशीपाशी गेला. हे मागून खराटा घेऊन धावताहेत आणि फेस पुढे. मी हसून हसून ओटीवर बसले ती उठेनाच. कपडे मात्र स्वच्छ निघाले, तेही सांगायला हवं.

इतपत मी चालवून घेतलं. पण आता शिमगा जवळ आला होता.

आमची वाडी आरे-वारेच्या रस्त्याला, चढावर. आमचं घर वाडीतलं शेवटचं. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते, ज्याच्या त्याच्या अंगणात पोरं ती खांद्यावर घेऊन नाचवतात, आणि मग चौरंगावर ठेवून ओटी भरायची. असं सगळ्यांकडे. आमच्याकडे पालखी यायची, पण नाचायची नाही. चढ चढून पोरं दमलेली, ऊन उतरलेलं, आणि घरात आम्ही दोघंच. ज्या घरात खांद्याला खांदा लावायला जवान पोरगा असतो तिथे नाचाला जोर चढतो. आमचा हितेश मुंबईला, त्याला शिमग्याला रजा मिळाली तर ती अर्ध्या दिवसाची. तेव्हा आमच्याकडे पालखी दोन हेलकावे खायची, चौरंगावर टेकायची, की चालली.

आणि खालच्या घरी, कमलाबाईंकडे? तिथे पालखी अशी नाचायची की ढोलवाल्यांचे हात सुजावेत. तीन पुतणे, भलंमोठं अंगण, वरून लिंबूसरबत. गेल्या वर्षी ओटी भरायला वर आल्या तेव्हा कमलाबाई मला म्हणाल्या, “काय करतलीस गो विमल, आमच्याकडे नाचून नाचून आई दमते. मग तुमच्याकडे इसावा घेते.”

मी हसले. घरात गेले आणि नारळ असा फोडला की त्याची शकलं माळ्यावर सापडली.

तेव्हाच ठरवलं, यंदा आमच्या अंगणात पालखी नाचली पाहिजे. दुसरं काही नको. अंगण मोठं दिसावं म्हणून लाकडांची रास मागे हलवली, सरबताला कोकमाचं आगळ काढून ठेवलं, आणि अंगणाचा कोबा धुवायला गुलाबाच्या वासाची एक मोठी बाटली बाजारातून आणली. पोरं अंगणात शिरली की प्रसन्न वाटलं पाहिजे, एवढाच माझा हेतू.

यांनी ती बाटली पिशवीत घातली, शहरात गेले आणि दुकानात परत देऊन आले.

“अवो, माझी बाटली?”

“तुझ्या बाटलीपेक्षा भारी माल मी बनवतोय. फुकटात.”

आमच्या मागे काजूची कलमं आहेत. मार्चात खाली बोंडांचा नुसता सडा. बिया आम्ही काढून घेतो, बोंडं कुजतात. मोबाईलवरच्या बाईने संत्र्याच्या साली, गूळ आणि पाणी डब्यात कुजवून फरशीचं पाणी करायला सांगितलं होतं. तीन महिने लागतात, असंही सांगितलं होतं. यांनी विचार केला, संत्री विकत कशाला आणायची? बोंडं काय कमी आंबट? आणि तीन महिने कशाला, आपल्याकडे उकाडा आहे. पिंपात बोंडं चेचून घातली, त्यात भेलीतला गूळ, रिठ्याचं पाणी, आणि झाकण. आठवडाभराने झाकण उघडलं तेव्हा खालून जाणाऱ्या कमलाबाई वासाने वाटेत थांबल्या.

“विमल,” त्यांनी हळूच मला बोलावलं. “महिपतदादा आता ह्या वयात घ्यायला लागले काय गो?”

मी काय सांगणार? ते घेत नाहीत, अंगणाला पाजतात, असं सांगू?

पालखीच्या दिवशी सकाळी नळाचं पाणी आलं तसे हे पिंप घेऊन सुरू झाले. कोबा घासला, पायऱ्या घासल्या, तुळशीचा कट्टा घासला, गेटपर्यंत सगळं पिंप रिकामं केलं. घामाने निथळत होते, पण चेहऱ्यावर अशी खुशी, जणू जुनी गाडी परशुराम घाट एका दमात चढली. अंगण चकचकलं. मला सुद्धा बरं वाटलं. वास दारूच्या गुत्त्यासारखा होता, पण मी चारी कोपऱ्यांना धूप लावला, आणि सुंदरपैकी रांगोळी घातली.

दुपारी खालच्या घरांतून ढोल ऐकू यायला लागला. मी नवी साडी नेसून ओटीचं ताट घेऊन बाहेर आले, आणि पाहते तर माझी रांगोळी चालत होती.

मुंग्या! आंब्यावरच्या लाल मुंग्या, कुंपणावरच्या काळ्या मुंग्या, जमिनीतल्या बारीक, कडकडून चावणाऱ्या मुंग्या. जिल्ह्यातल्या सगळ्या मुंग्यांना आमंत्रण गेलं होतं. गुळाचं आणि बोंडांचं पाणी उन्हात वाळून कोब्यावर पाकासारखं बसलं होतं, आणि त्या ओळी धरून मजेत जेवत होत्या.

“अवो, इकडे या! बघा तुमचा भारी माल!”

हे आले. बघितलं. टाळूवरून हात फिरवला. “जरा गूळ जास्त झाला वाटतं.”

“जरा? पाणी ओता पहिलं!”

“पाणी कुठलं? नळ गेला. टाकी मी सकाळी संपवली.”

खरंच, घरात फक्त एक कळशी उरली होती, आणि ती पालखीच्या खांदेकऱ्यांच्या पायांवर ओतायला ठेवलेली. ढोल कमलाबाईंच्या अंगणात पोचला होता. तिथल्या आरोळ्या ऐकू येत होत्या. म्हणजे पालखी तिथे नाचत होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

“थांब,” हे म्हणाले. “हळद! मुंगी हळद ओलांडत नाय. मोबाईलवर...”

“मोबाईलचं नाव काढलात तर बघा!”

पण दुसरा उपाय नव्हता. माझी वर्षाची दळलेली हळद, सांगलीहून मागवलेली, मी कोणाला चिमूटभर देत नाही, ती यांनी डबाच्या डबा आणून अंगणाच्या कडेकडेने ओतली. गेटापासून सुरू केलं, भिंतीच्या बाजूने, तुळशीमागून, परत गेटाशी. अंगणाभोवती पिवळी धमक रेघ. दिसायला झकास, एखाद्या लग्नाला शोभली असती.

“आता एक मुंगी आत यायची नाय,” हे हात झटकत म्हणाले.

“आणि आत हायत त्या?”

त्यांनी अंगणाकडे बघितलं. मी अंगणाकडे बघितलं. आतल्या मुंग्या रेघेपर्यंत जात होत्या, मिश्या हलवत होत्या आणि परत फिरत होत्या. बाहेरची आत येईना, आतली बाहेर जाईना. यांनी माझ्या वर्षाच्या हळदीत मुंग्यांचा कोंडवाडा बांधला होता.

तेवढ्यात ढोल गेटाशी आला.

पुढे अभय होता, मिरकरवाड्याला मासेमारीच्या बोटीवर जाणारा, अंगाने रेड्यासारखा आणि स्वभावाने गाईसारखा. त्याच्या शेजारी एक, मागे दोघे, चौघांच्या खांद्यावर पालखी. सगळे घामाघूम, डोळे अर्धे मिटलेले. मी कळशीतलं पाणी त्यांच्या पायांवर ओतलं आणि मनात म्हटलं, आई, आज फक्त चौरंगापर्यंत नीट पोच, नाच राहू दे.

ओले पाय आत पडले. एक पाऊल, दोन पावलं. अभयचे डोळे उघडले. खाडकन उघडले.

त्याने उजवा पाय उचलला. मग डावा. मग दोन्ही एकदम. पालखी हातभर वर उडाली. मागच्या दोघांना वाटलं, अभयला जोर आला, आणि त्याच क्षणी त्यांनाही जोर आला. दोन्ही हात दांड्याला, खाजवायची सोय नाही. पालखी खांद्यावरून सोडायची तर त्याहून नाही. चौघेही जे थयाथया नाचायला लागले, तसं नाचताना मी उभ्या जन्मात कोणाला बघितलं नाही. पालखी इकडून तिकडे, तिकडून इकडे, हार उडताहेत, गुलाल उडतोय, आणि ढोलवाला आनंदाने ओरडत आत शिरला. दोन पावलं आत आला मात्र, त्याच्या टिपरीचा वेग दुप्पट झाला.

“आई खेळायला लागली!” कोणीतरी ओरडलं. “विमलकाकीच्या अंगणात आई खेळतेय!”

मग काय, सगळी वाडी आत. पालखीपुढे चपला कोण घालतो? सगळे अनवाणी, आणि जो आत येईल तो नाचेल. कमलाबाई घाईघाईने पुढे आल्या, तोंडावर तो खास भाव, की बघू तरी काय आहे एवढं. आल्या आणि “अगो बाय गो!” म्हणून उडाल्या. परत उडाल्या. पदर सुटला, अंबाडा सुटला. बायकांना वाटलं, कमलाबाईंच्या अंगात आलं. एकीने धावत जाऊन त्यांना मळवट भरला, दुसरी पाया पडायला वाकली आणि वाकल्या वाकल्या नाचायला लागली. कमलाबाईंना बोलताही येईना. देवी अंगात आलेली नाही असं म्हणणार कशी?

हे तोंड उघडून ओरडणार होते, “मु...” मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. माझ्याही पायांना डंख होत होते, पण मला हलायचं नव्हतं. माझ्या अंगणात पालखी नाचत होती. शेवटच्या घरी, दोन म्हाताऱ्यांच्या दारात, अशी नाचत होती की कौलं थरथरत होती. मी रडत होते आणि हसत होते, आणि मध्येच पाय झटकत होते.

अखेर ढोलवाल्याची टिपरी हातातून उडाली, तेव्हा ढोल थांबला. चौघांनी धावत जाऊन पालखी चौरंगावर टेकवली आणि पोटऱ्या खाजवत कुंपणाला टेकले. भिवाअण्णा, गावाचे जुने मानकरी, वयामुळे खुर्चीवर उचलून आणलेले, पाय वर घेऊन बसलेले, त्यांना काहीच झालं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं. “व्हय महाराजा! हे आई, ह्या विमलच्या दारात यंदा तुझी मर्जी झाली, तू स्वतःच्या पायांनी...”

“व्हय महाराजा!” लोक म्हणाले.

मी ताट घेऊन उभी. खण, नारळ, तांदूळ. हात पुढे जाईना. मळवट भरलेल्या कमलाबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मला इतक्या वर्षांचा हिशेब चुकता झाल्यासारखा वाटायला हवा होता. पण तसं वाटेना. आईसमोर खोट्या नाचाची ओटी कशी भरू?

“अण्णा, थांबा,” मी म्हणाले. “आई नाय नाचली. मुंग्या हायत.”

हे वर आंब्याच्या मोहराकडे बघायला लागले, जणू ते दुसऱ्याच वाडीतले.

अभय पोटरी खाजवत म्हणाला, “ठावक हाय काकी. पाय आमचेच हायत.”

आणि मग जो हशा उठला! ढोलवाला ढोलावर आडवा पडला. एक पोरगा हसता हसता हळदीच्या रेघेवर बसला. भिवाअण्णांनी एक डोळा उघडला आणि खेकसले, “गाऱ्हाणं मधे मोडू नको. मुंग्या काय परगावच्या हायत?”

सगळे हसत होते आणि माझं रडू काही थांबेना. बोलायचं नव्हतं ते तोंडातून निघालं. “दरवर्षी तुमी आमच्याकडे नुसती टेकवतास. शेवटचं घर, दोन म्हातारी माणसं, घरात पोरगा नाय खांद्याला. म्हणून मी इतकं केलं रे. मला एकदा बघायची होती नाचताना. बिनमुंग्यांची.”

हशा थांबला. अभय खाली बघायला लागला. बोटीवर वादळाला न भिणारा पोरगा, अंगठ्याने कोबा उकरत होता.

“काकी, आमी दमतो गो इथपर्यंत,” तो म्हणाला. “पण तुमी कधी बोलला नाय.”

“तुमाला कळायला नको?”

तो मागे वळला आणि पोरांवर ओरडला, “बघताय काय? पाणी आणा!”

“माझ्या विहिरीवरून आणा,” कमलाबाई म्हणाल्या. मळवट पुसत, अंबाडा बांधत, पण म्हणाल्या. पंप लावला त्यांनीच, नळी पुरेना तेव्हा बादल्या काढल्या त्यांनीच. हातोहात बादल्या चढावर आल्या. बायकांनी खराटे घेतले, पोरांनी झाडण्या घेतल्या. पिवळ्या पाण्याचा लोंढा मुंग्यांना घेऊन गेटातून खाली गेला, आणि हे मधोमध उभे राहून सगळ्यांना सांगत होते, “तसा माल चांगला होता. कोबा बघा कसा निघालाय.” कोणीतरी त्यांच्या डोक्यावर बादली ओतली. ती मीच होते.

अंगण निथळलं. मी ओटी भरली. भिवाअण्णांनी गाऱ्हाणं पुरं केलं, त्यात मुंग्यांचंही नाव घेतलं. अंधारायला आलं होतं, पोरांना जेवायचं होतं, आणि मी मनात म्हणत होते, झालं, आता पालखी उचलतील आणि देवळाची वाट धरतील. त्यांनी उचलली. गेटाकडे तोंड केलं. आणि अभयने मान वळवून ढोलवाल्याला खूण केली.

“काका,” तो यांना म्हणाला, “पुढचा खांदा तुमचा.”

“अरे, माझे गुडघे...”

“मुंग्या परत बोलवू काय?”

यांनी ओला सदरा कमरेत खोचला आणि दांड्याखाली खांदा दिला. आधी घाबरत, मग जोरात, मग असे नाचले की टक्कल चमकायला लागलं. अभय त्यांना सांभाळत होता, पालखी हलकी घेऊन, वर घेऊन, गोल घेऊन. मी टाळ्या वाजवत होते, नंतर मीही नाचायला लागले, माझ्या शेजारी कमलाबाई, पायाला काही चावत नसताना.

त्या शिमग्याला पालखी आमच्या अंगणात दोनदा नाचली. कमलाबाईंच्या अंगणात एकदाच.